बालपणीच्या जखमेसाठी: दहा दिवसांचं विपश्यना शिबिर की दर आठवड्याचं समुपदेशन?

मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितो. शिबिराची दिनचर्या, समुपदेशनाची फी वगैरे तुम्ही पाहिलंच असेल.

अण्णा प्यायचे. रात्री सायकल भिंतीला टेकल्याच्या आवाजावरून आज किती झालीय, ते मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायचो. पुढे सगळे मला शांत, समजूतदार म्हणू लागले आणि मीही ते मानलं. शिबिराच्या सहाव्या दिवशी, अधिष्ठानाच्या, म्हणजे तासभर न हलता बसायच्या बैठकीत, मागे कुणाचं तरी पाऊल वाजलं आणि माझे खांदे कानांपर्यंत चढले. तेव्हा लख्ख कळलं, की हा शांतपणा माझा स्वभाव नव्हेच. हा पहारा आहे, ३० वर्षं चाललेला.

इतकं स्वच्छ मला समुपदेशनात कधीच दिसलं नाही. ते श्रेय शिबिराचंच.

पण स्वभाव म्हणून जे जपलं तेच गळून पडलं, तर मग मी कोण? आर्यमौन, म्हणजे शिबिरात इतरांशी न बोलण्याचा नियम, सुटायला अजून चार दिवस होते. आचार्यांना भेटता येतं, पण माझं बोलणं साधनेपुरतंच राहिलं: संवेदना बघत राहा, अनित्य आहे. पद्धत म्हणून ते योग्यच असेल. मला मात्र रात्रभर कुणीतरी समोर बसलेलं हवं होतं. माझा कौल इथेच फिरला. घरी आल्यावर तीन आठवड्यांत दार आपटलं आणि खांदे पुन्हा वर.

समुपदेशन संथ असतं. ऐन मुद्द्यावर वेळ संपते, याचा मलाही त्रास झाला. पण पुढचा गुरुवार असतो. आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी', म्हणजे दीर्घकाळच्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे वेगळं निदान आहे. त्यात जुन्या भीतीबरोबर 'मी कवडीमोलाचा' ही स्वतःबद्दलची समजूतही धरली आहे, हे मला तिथेच कळलं. ही समजूत क्षणात दिसते, सुटते मात्र सावकाश. सासुरवाडीत 'मला चहा नको' एवढं सरळ म्हणायला मला आठ महिने लागले.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. तरी मी म्हणेन, आधी काही महिने समुपदेशन करा. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. शिबिराला नंतर जरूर जा. अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात, ते खरं लिहा. आणि परतण्याच्या आठवड्यातली समुपदेशकाची वेळ निघण्याआधीच घेऊन ठेवा.