बीप वाजत होते तरी म्हणे ‘बोर्ड डेड’! ९,४३६ रुपयांना लुबाडलं

व्हिजिट चार्ज ३५०. ‘चिप लेव्हल रिपेअर’ ६,५००. लेबर १,२००. या शेवटच्या दोन रकमांवर १८ टक्के जीएसटी म्हणून १,३८६. एकूण ९,४३६ रुपये, आणि वर माझ्या कॉम्प्युटरमधली ८ जीबीची एक रॅम (मेमरीची पट्टी) गायब. हे पुण्यात, भर सिंहगड रोडवर, घरपोच सेवेच्या नावाखाली झालं.

तक्रार एवढीच होती: बटण दाबलं की पंखे फिरायचे, लांब लांब बीप यायचे आणि स्क्रीन काळीच. पावसाची झड लागलेली, घरात सगळीकडे ओल. मी घरून अकाउंट्सची कामं करते. जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख तोंडावर होती, चुकली की क्लायंटला दिवसाला ५० रुपये लेट फी. एरवी मी तपकीर गल्लीत ओळखीच्या दुकानात जाते. पण त्या पावसात कॅबिनेट सांभाळत बुधवार पेठेत जायचं आणि पार्किंग शोधत फिरायचं? नेटवर जवळचा नंबर मिळाला, खाली ढिगानं चांगले शेरे. बोलावलं. कुणीही हेच केलं असतं.

दोघं आले, गळ्यात ओळखपत्रं. एकानं बटण दाबलं, बीप ऐकले आणि बाजूचं झाकणही न उघडता म्हणाला, “ताई, बोर्ड डेड आहे. वर्कशॉपला न्यावं लागेल.”

सगळी लबाडी त्या एका वाक्यात होती. अहो, डेड बोर्ड, म्हणजे बंद पडलेला मदरबोर्ड, बीप देतच नाही! बीप देतो तो बोर्डवरचा बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्रॅम. प्रोसेसर आणि बायोस चालू आहेत म्हणूनच तो ओरडून सांगतो की पुढं काहीतरी अडलंय. बीपचे अर्थ बोर्डागणिक बदलतात, पण असे लांब, पुन्हा पुन्हा येणारे बीप बहुतेकदा रॅमचे असतात. मेन स्विच बंद करून वायर काढायची, रॅम बाहेर काढून तिचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबरानं हलके पुसायचे, खटका लागेपर्यंत परत बसवायची. दोन असतील तर एकेक लावून बघायची, स्लॉट बदलायचा. पाच-दहा मिनिटांचं काम. त्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्यानं माझ्यासमोर झाकण उघडलं नाही. मला तेव्हा हे कुठून माहीत असणार? टॅली येतं म्हणून मदरबोर्डही यायला हवा?

आणि हार्डडिस्कसकट नेलं! डिस्प्ले का येत नाही हे तपासायला डिस्क लागतच नाही. काढून घरी ठेवा. माझ्या डिस्कवर लोकांचे पॅन आणि रिटर्न्स होते, ब्राउझरमध्ये पासवर्ड होते. ते सगळे बदलत बसले.

मशीन परत आलं, चालूही झालं. पण टॅली आणि दोन-चार एक्सेल उघडले की रखडायला लागलं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी पाहिली तर ८ जीबी, दोनपैकी एकच स्लॉट वापरात. माझ्या असेंब्लीच्या बिलावर स्वच्छ लिहिलंय, ८ जीबीच्या दोन. मग तपकीर गल्लीत नेलंच. त्यांनी बोर्ड काढून दाखवला. कुठं डाग दिल्याची खूण नाही, जुनी धूळ तशीच बसलेली. चिप बदलली म्हणे!

त्या घरपोचवाल्यांच्या बिलावरचा जीएसटी नंबर मोजला तर तेराच अक्षरं. खरा नंबर १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. पैसे देण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा.

फोन केला तर “मॅडम, एकच रॅम होती.” मग चौकीत गेले. आधी ताटकळत बसवलं. नंतर साहेब म्हणाले, “मशीन चालू आहे ना? पैसे तुम्हीच दिलेत ना? मग हे सिव्हिल मॅटर.” कसलं सिव्हिल? विश्वासानं ताब्यात दिलेल्या वस्तूतला भाग काढून घेणं हा न्यासभंग आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. फसवणूक ३१८. हे बोलल्यावर “फार शिकलाय तुम्ही” असं ऐकवलं आणि अर्जाच्या माझ्या प्रतीवर पोचही दिली नाही. वर सल्ला काय, तर १९३० ला फोन करा! तो नंबर ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर. माझी रॅम काय ऑनलाइन गेली? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. कर भरणाऱ्या माणसानं जायचं तरी कुठं?

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जुनी बिलं फेकू नका, माझा सगळा पुरावा तेवढाच आहे. मशीन बाहेर देताना झाकण उघडून आतले फोटो काढा, रॅम आणि डिस्कचे सीरियल नंबर पावतीवर लिहून सही घ्या. सही द्यायला जो कुरकुर करेल त्याला दारातूनच परत पाठवा.

त्यांचा नंबर अजून चालू आहे, फक्त दुकानाचं नाव बदललंय. तुमच्याकडे ‘चिप लेव्हल रिपेअर’चं तेरा अक्षरी जीएसटी नंबरवालं बिल असेल तर तुम्हीही लेखी तक्रार करा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.