प्रोजेक्टवरची जागा की स्वतःची फेलोशिप?

एमएस्सी किंवा एमटेक झालं की ठाणे-नवी मुंबईतल्या मुलामुलींपुढे संशोधनाच्या दोन वाटा असतात. एखाद्या सरांच्या किंवा मॅडमच्या प्रोजेक्टवर लागायचं, नाहीतर नेट-गेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षा काढून थेट पीएचडीला जायचं. आकडे बघाल तर फसाल. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपला, महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. प्रोजेक्टवर जेआरएफ म्हणून लागलात तरी सहसा तेवढेच. बघायचं ते हे, की पैसा कुणाच्या नावावर येतो.

सीएसआयआर-यूजीसी नेटची जेआरएफ तुमच्या नावावर असते. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन, मग एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिप) महिना ४२,०००, सगळं धरून जास्तीत जास्त पाच वर्षं. ज्यांच्याकडे सध्या निधी नाही असे गाईडही तुमचा विचार करतात, ही तिची खरी ताकद. मात्र परीक्षा वर्षातून दोनदाच, आणि पैसे अधूनमधून रखडतात. आईवडिलांकडे राहणाऱ्याला ते निभतं, खारघरला भाड्याने राहणाऱ्याला जड जातं. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी गेट, तिथे आयआयटी स्वतः असिस्टंटशिप देते, बदल्यात शिकवण्यात मदत करावी लागते.

प्रोजेक्टचं उलट. जाहिरात, मुलाखत, काम सुरू. आयआयटी मुंबईचे संशोधन प्रकल्प सांभाळणाऱ्या आयआरसीसी या केंद्राच्या संकेतस्थळावर अशा जागा वर्षभर निघतात. उपकरणं हाताळायला मिळतात, शिफारसपत्र मिळतं, आणि हे काम आपल्याला झेपतं का तेही कळतं. पण निधी संपला की जागा संपली. प्रोजेक्टवर लागलं म्हणजे पीएचडीची नोंदणी झाली, असा समज अजूनही आढळतो. तसं होत नाही. मुलाखतीत विचाराच: प्रोजेक्टची किती वर्षं उरलीत? पेपरवर नाव येईल का? बाकीचं तिथल्या विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारा, सर समोर नसताना.

अंतराचं गणितही मांडा. ठाण्याहून कांजूरमार्ग गाठून पवईच्या आयआयटीला जाणं सोपं. कर्करोग किंवा जीवशास्त्रात रस असेल तर नवी मुंबईकरांना टाटा मेमोरियलचं खारघरमधलं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक जवळ; भूभौतिकीवाल्यांना नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था. पनवेलहून रोज कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था? प्रयोगशाळेत रात्र होणार असेल तर राहायची सोय आधी बघा. प्रोजेक्टवाल्यांना वसतिगृह मिळेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर, नेट-जेआरएफ किंवा चांगला गेट स्कोअर हातात असेल तर प्रोजेक्टमध्ये वर्ष घालवू नका. नसेल तर एक वर्ष जरूर करा, पण तिसऱ्या वर्षापर्यंत रेंगाळू नका. आयआयटी मुंबईत बऱ्याच विभागांत पीएचडीचे प्रवेश जुलै आणि जानेवारी असे दोनदा होतात, तेव्हा प्रोजेक्टवर रुजू झालात तरी पुढच्या फेरीचा अर्ज भरूनच ठेवा.