निकोल मिचेलची फ्लूट: पावसाळ्यापासून ऐकतोय, आता लिहितो

मी वेंगुर्ल्याचा, भजन मंडळात बासरी वाजवतो, जॅझ आमच्याकडे कोणी ऐकत नाही. तरी गेल्या पावसाळ्यापासून शिकागोत घडलेल्या या जॅझ फ्लूटवादक बाईचे तीन अल्बम फोनमध्ये आहेत आणि रोज काही ना काही लागतंच.

सगळ्यात आधी फुंक. आपल्याकडे शिकवताना सांगतात की हवेचा आवाज येता कामा नये, सूर स्वच्छ पाहिजे, आणि ही तोच आवाज मुद्दाम ठेवते, वर वाजवता वाजवता फ्लूटमध्येच गाते, म्हणजे गळ्याचा सूर आणि वाद्याचा सूर एकाच वेळी, दोन्ही एकमेकांना घासले की मधेच एक खरखरीत तिसरा सूर उठतो. मी बांबूवर करून बघितलं, खालच्या सप्तकात थोडंफार जमतं, वर गेलं की फुटतं. तिची फ्लूट धातूची, चाव्यांची, आपल्यासारखी भोकावरून बोट सरकवून मींड घ्यायची तेवढी सोय नाही, तरी ओठ आणि फुंकेचा कोन बदलून ती सूर असा वाकवते की मी परत मागे घेऊन ऐकतो.

बँड तिचाच, ब्लॅक अर्थ आन्साम्बल, रचनाही तिच्याच. २०१७ च्या 'मँडोर्ला अवेकनिंग टू' या अल्बममध्ये चेलो, व्हायोलिन, इलेक्ट्रिक गिटार, ऊद हे अरबी तंतुवाद्य आणि जपानची शाकुहाची, शामिसेन (तंतुवाद्य), तायको (ढोल) असं सगळं एकत्र आहे. शाकुहाची म्हणजे पाच भोकांची उभी बांबूची बासरी, ती फ्लूटच्या शेजारी येते तो भाग माझा सगळ्यात आवडता, एक हवा सोडते तर दुसरी उचलते. एवढी वाद्यं असून ती स्वतः सारखी पुढे येत नाही. चांगला बुवा गजर रंगला की पखवाजवाल्याला मोकळं सोडतो पण सम कुठे घ्यायची ते बुवाच्याच हातात असतं ना, अगदी तसं. १९६५ ला शिकागोत काळ्या संगीतकारांनी स्वतःच्याच रचना वाजवायच्या म्हणून एएसीएम संस्था काढली, त्या संस्थेची मिचेल ही पहिली महिला अध्यक्ष होती, आणि ते वळण बँडमध्ये कळतं.

२००८ चा 'झेनोजेनेसिस स्वीट' मात्र जड आहे. अमेरिकन विज्ञानकथा लेखिका ऑक्टेव्हिया बटलरच्या कादंबरीवरून केलाय, त्यातली भीती गायिकेच्या आवाजातून थेट अंगावर येते, आईला तर अजिबात सहन होत नाही. मला आवडतो, पण रोज नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, पत्र्यावर पाऊस पडत असेल तर खालचे सूर जातातच, साधा इअरफोन चालेल. बासरीवाल्यांनी 'मरून क्लाउड' पासून सुरुवात करा, २०१८ चा आहे, फ्लूट, पियानो, चेलो आणि गायिका, ड्रम नाहीतच, त्यामुळे प्रत्येक श्वास ऐकू येतो. मग मँडोर्ला. झेनोजेनेसिस शेवटी, आणि सलग वेळ असेल तेव्हाच.