मॅपवर नाव आमचं, फोटो आमचे, नंबर मात्र भलत्याचाच

मनोरीला आमच्या दोन कॉटेज आहेत आणि जुन्या घरातल्या दोन खोल्या आम्ही निवास-न्याहारीला देतो. मनोरी म्हणजे मुंबईच, महापालिकेच्या हद्दीत येतं, पण मार्वेवरून फेरीने खाडी ओलांडली की नारळ, कोंबड्या, दांडीवर सुकत घातलेले बोंबील, आणि येणारा प्रत्येक गेस्ट एकदा तरी म्हणतोच की अरे ही मुंबई वाटतच नाही. आम्ही राहतो मालाडला, सासूबाई कायम मनोरीला. शुक्रवारी संध्याकाळी मी आणि नवरा तिकडे जातो, सोमवारी सकाळी बारा-चौदा चादरी धुवायला टाकून परत. बाहेरून लोकांना वाटतं काय मस्त, समुद्राजवळ घर. टँकर आला का, गीझर ट्रिप झाला का, डासांच्या कॉइल संपल्या का, हेच चाललेलं असतं. असो.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरची. फोन कमी यायला लागले. एरवी नोव्हेंबरपासून आमचा सीझन, दिवसाला सात-आठ फोन येतात त्यातले निम्मे नुसते "पूल आहे का" विचारणारे, पण येतात. त्या वर्षी दोन, तीन, एखाद्या दिवशी एकही नाही. मी नवऱ्याला म्हटलं की अटल सेतू झालाय ना जानेवारीत, आता सगळे गाडी काढून अलिबागला पळतात, आपल्याकडे भाईंदर-उत्तनचा फेरा मारून कोण येणार. त्यालाही पटलं. दोन महिने आम्ही बिचाऱ्या अटल सेतूला नावं ठेवत बसलो होतो आणि आमच्याकडे यायचे फोन दुसराच कोणीतरी उचलत होता.

२४ डिसेंबर, मंगळवार, रात्री नऊच्या सुमाराला दारात दोन गाड्या येऊन थांबल्या. नाताळ म्हणजे मनोरीत घराघरावर चांदण्या, कंदील, मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जायची सगळ्यांची गडबड, त्यामुळे मला आधी वाटलं शेजारच्यांचे पाहुणे असतील. पण ते आमच्याच फाटकातून आत आले, अकरा माणसं, त्यातली दोन लहान मुलं खांद्यावर झोपलेली. घाटकोपरचे होते. त्यातले एक काका पुढे येऊन म्हणाले, "दोन कॉटेज, दोन रात्री, फुल पेमेंट झालंय."

आमच्या दोन्ही कॉटेज आदल्या दिवसापासून दादरच्या एका ग्रुपला दिलेल्या. मी म्हटलं काका काहीतरी चुकतंय, दुसरं कॉटेज असेल. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर पावती, वर आमच्या कॉटेजचं नाव, पत्ता बरोबर, चेक-इन बारा, चेक-आउट दहा, अगदी आमच्यासारखंच "मासे ताजे मिळाल्यास" हे पण लिहिलेलं. आणि खाली फोटो, आमच्याच पडवीचा, त्यात दांडीवर सासूबाईंचं हिरवं लुगडं वाळत घातलेलं. त्या लुगड्यावरून मला नक्की कळलं की हा फोटो मीच काढलेला आहे, कारण काढल्यावर मी स्वतःवरच चिडले होते की अगं आधी लुगडं तरी काढायचं.

काकांनी माझ्यासमोरच त्या नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. दुसऱ्या रिंगला उचलला. "हां सर, पोहोचलात का? एक मिनिट, केअरटेकरला सांगतो." स्वच्छ मराठी बरं का, माझी समजूत होती की असले फोन म्हणजे हिंदीतून "मॅडम आपका" वगैरे. मी फोन हातात घेतला, म्हटलं मी मालकीण बोलतेय, तुम्ही कोण? तो एक क्षण गप्प. मग शांतपणे, "ताई, तुम्ही कुठून बोलताय?" आणि कट. नंतर लागलाच नाही.

काकांनी चौदा हजार भरले होते, आधी सात, मग "ख्रिसमसला डिमांड आहे, फुल भरलं तर कन्फर्म" म्हणून आणखी सात. आमचा नाताळचा दर एका कॉटेजला रात्रीचे सहा हजार, म्हणजे दोन कॉटेज दोन रात्री चोवीस हजार होतात, त्याने चौदात दिलं. स्वस्त वाटलं नाही का असं मी विचारणार होते, पण बायकोसमोर त्यांचा चेहरा इतका उतरला होता की गप्प बसले.

सासूबाई आतून म्हणाल्या, पोरं उपाशी आहेत, आधी आत घे त्यांना. मग काय, जुन्या घरातल्या दोन खोल्या नशिबाने रिकाम्या होत्या त्या दिल्या, आम्ही तिघं पडवीत गाद्या टाकून झोपलो. कोलंबीचं कालवण आणि भाकऱ्या, त्यांच्यातल्या दोघी शाकाहारी म्हणून बटाट्याचे काप. दुसऱ्या दिवशी निघताना काकांनी जबरदस्ती दोन हजार हातात दिले. घ्यायला नको होते असं नवरा अजून म्हणतो, मला अजून ठरवता येत नाही.

त्या रात्री नवऱ्याने मॅपवर आमचं नाव टाकून बघितलं. चार पॉइंट सहा रेटिंग आमचं, सगळे रिव्ह्यू खरे, पाच वर्षांचे, फोटो आमचे आणि कॉलचं बटण दाबलं की नंबर त्याचा. ते पान नवऱ्याने २०१९ मध्ये जुन्या फोनवरून बनवलं होतं, तो फोन खाडीत पडला, ईमेलचा पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता. मॅपवरच्या कुठल्याही जागेची माहिती "ही चुकीची आहे, बदल सुचवा" म्हणून कोणीही पाठवू शकतो. मालक बघत असेल तर त्याला कळतं, पण आमच्या पानावर लक्ष ठेवायला कोणी होतंच कुठे. इतकी वर्षं ते पान आम्ही एकदाही गिऱ्हाइकासारखं उघडून बघितलं नव्हतं. आपलाच नंबर आपण कशाला शोधू?

आणि फोटो, रेटकार्ड कुठून गेलं तेही मला पहाटे पडवीत पडल्या पडल्या आठवलं. ऑक्टोबरमध्ये एकाची चौकशी आली होती, कंपनीची पिकनिक, पंचवीस माणसं. सगळे फोटो पाठवा, मेन्यू पाठवा, बॉसला दाखवायचंय म्हणून फाटकापासून आतपर्यंतचा व्हिडिओ पाठवा. मी सगळं पाठवलं, वर "धन्यवाद सर" पण लिहिलं. पिकनिक काही झाली नाही, अशा दहा चौकश्यांतल्या नऊ होत नाहीतच.

इथपर्यंत फसले ते दुसरे लोक, पण आता माझी पाळी.

२५ तारखेला दुपारी गेस्ट गेल्यावर मी ठरवलं की हे आजच्या आज बंद करायचं. बँका बंद, सगळ्यांना सुट्टी, म्हटलं निदान मॅपवाल्यांना तरी कळवू. मी सर्चमध्ये कस्टमर केअर नंबर शोधला आणि जो पहिला दिसला त्याला लावला. आता हे लिहिताना मलाच हसू येतंय, आदल्या रात्री मी स्वतः बघितलं होतं की नेटवरचा नंबर कोणाचाही असू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी मी नेटवरच्याच नंबरला फोन करतेय.

हा बोलला हिंदीत, फार अदबीने. मॅडम तुमच्या लिस्टिंगवर तीन कंप्लेंट आहेत, संध्याकाळपर्यंत ब्लॉक होईल, व्हेरिफिकेशन करून घ्या, फक्त पाच रुपये. मी घाबरले, कारण कंप्लेंट असणार हे मला खरंच वाटत होतं, घाटकोपरच्या काकांनीच केली असेल तर? त्याने एक अॅप टाकायला लावलं, स्क्रीन शेअर करायचं, "फॉर्म भरायला मदत करतो". मग लिंक आली, त्यात नाव, कॉटेजचं नाव, पत्ता आणि शेवटी पाच रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे. मी भरले. एका हाताने फोन, दुसऱ्या हातात उशीचे अभ्रे, कारण संध्याकाळी दुसरी पार्टी येणार होती.

स्क्रीनच्या वरून ओटीपीचा मेसेज खाली घसरला आणि गेला. मग अजून एक. मी कोणाला ओटीपी सांगितला नाही, सांगायची गरजच नव्हती, माझा स्क्रीन तो बघत होता. नंतर मेसेज उघडून वाचले तर दोन्हींत रक्कम स्पष्ट लिहिलेली, २४,९०० आणि २३,८००. तेव्हा मी ओटीपीचे सहा आकडे तेवढे बघितले, रक्कम वाचलीच नाही, कारण माझ्या डोक्यात पाच रुपये फिट बसले होते. ४८,७०० गेले. चादरी, टँकर, डिसेंबरचं अर्धं उत्पन्न.

नवऱ्याने फोन हातातून ओढून घेऊन आधी नेट बंद केलं, अॅप काढलं, बँकेच्या अॅपमधून कार्ड ब्लॉक केलं. मग १९३० लावला. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन सुट्टीच्या दिवशीपण चालू असते. लाइन बिझी लागते, आम्हाला कितव्या वेळेला लागली आठवत नाही, पण अर्ध्या-पाऊण तासात तक्रार नोंदवून झाली आणि तक्रारीचा नंबर मिळाला. त्याच नंबरवर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले. तिथे घाईचं कारण असं की पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवत नेतात, आणि काढून घ्यायच्या आत तक्रार पोहोचली तर मधल्या कुठल्यातरी बँकेत उरलेली रक्कम गोठवतात. आमचे ९,३०० असे अडकले. बाकीचे एटीएममधून निघून गेलेले.

बँकेत २६ तारखेला गेले. मला वाटलं रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना, कामाच्या तीन दिवसांत कळवलं की पैसे परत. तो तेव्हा होता, २०१७ चा, पण चूक तिसऱ्याचीच असेल, तुमची नसेल तर. कार्डाची माहिती तुम्ही स्वतः भरून दिलीत, तर तुम्ही बँकेला कळवेपर्यंत जे गेलं ते तुमचं. समोरची मुलगी समजूतदार होती, मला पाणी दिलं, पण उत्तर तेच. पोलिसांनी अर्ज घेतला. ते ९,३०० मिळवायला बोरिवली कोर्टातून ऑर्डर आणायला सांगितलं, वकिलाची फी ऐकून मी आधी हिशोबच केला की परवडतंय का.

मधल्या काळात २८ तारखेला अजून एक कुटुंब आलं, नऊ हजार भरून, त्यांना खरंच जागा नव्हती, उभ्या उभ्या चहा पाजून परत पाठवावं लागलं. त्यांनी जाताना आम्हाला एक स्टार दिला, "मालक आणि एजंट मिळालेले आहेत". मी त्यांना काय दोष देऊ. एकतीस तारखेचं बुकिंग करू बघणाऱ्या एका कॉलेजच्या पोराने मात्र निघायच्या आधी व्हिडिओ कॉल करायचा हट्ट धरला होता, तर त्याला पैसे न भरताच समोरच्याने ब्लॉक केलं. तो पोरगा जुन्या एका रिव्ह्यूमधल्या फोटोतल्या पाटीवरून खरा नंबर शोधून माझ्यापर्यंत आला. एवढी अक्कल मला असती तर.

एक गोष्ट मला जास्त लागली आहे ती सांगते. घाटकोपरच्या काकांना पैसे पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव दिसलं होतं. त्यांनी विचारलं पण. समोरचा म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं आहे." आणि त्यांना ते पटलं, का पटलं माहितीये? कारण आम्ही सगळे कॉटेजवाले तेच करतो. माझं खातं बंद पडलं होतं तेव्हा सहा महिने मी "नणंदेच्या नंबरवर जीपे करा" असंच सांगत होते. कोणी मेव्हण्याचा नंबर देतो, कोणी केअरटेकरचा. भलत्या नावाला पैसे पाठवायची सवय लोकांना आम्हीच लावली, त्याने फक्त ती वापरली.

आता कॉटेजच्या नावाने करंट खातं काढलंय, पैसे पाठवताना तेच नाव दिसतं. मॅपचं पान कागदपत्रं दाखवून, फाटकाचा आणि पाटीचा व्हिडिओ देऊन परत ताब्यात आलं. महिना गेला, पण पैसा एक लागला नाही, तेव्हा व्हेरिफिकेशनचे पाच रुपये मागणारा कोणीही असो, फोन ठेवा. दर सोमवारी फेरीत बसल्यावर नवरा स्वतःच्या मोबाइलवरून आमचं नाव शोधतो, कॉलचं बटण दाबतो, आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला की कट करतो. शेजारी बसलेल्या कोळणी हसतात. राहायला येणाऱ्यांना मी आता स्वतःहून सांगते की आधी व्हिडिओ कॉल करा, सासूबाईंना विहिरीपाशी उभ्या राहायला सांगते, त्या बघा, मग टोकन तेवढं भरा, बाकीचं आल्यावर.

परवा परत एक चौकशी आली. ऑफिसची पिकनिक, तीस माणसं, सगळे फोटो आणि फाटकापासूनचा व्हिडिओ पाठवा, सरांना दाखवायचाय. मी लिहिलं, सरांनाच घेऊन या की बघायला, मार्वेवरून फेरी आहे, चहा माझ्याकडे. निळ्या टिक्स आल्या, म्हणजे वाचलं. उत्तर काही आलं नाही.