खाणीच्या तळ्यात आठ महिने: ड्रायसूट, रेग्युलेटर आणि गाळ

दगडखाण बंद पडते, पाणी उपसणारे पंप थांबतात आणि झरे, पाऊस मिळून खड्डा भरून टाकतात. मग कुणीतरी त्यात बस, बोट, विमान बुडवतं आणि डायव्हरांची रांग लागते. इंग्लंडमधल्या स्टोनी कोव्हमध्ये पंप 1958 साली थांबले. 2000 साली तिथं बुडवलेली 'स्टेनगार्थ' ही टगबोट साधारण 20 मीटरवर आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या मर्मेट स्प्रिंग्जमध्ये तर बोइंग 727 आहे. फोटो बघून लोक जातात ते यासाठीच. मार्च ते ऑक्टोबर डायव्हिंगचा एकच संच अशा तळ्यात वापरल्यावर आमचं मत वेगळं झालंय: बस आणि विमान हे निमित्त, कस लागतो तो बॉयन्सीचा (पाण्यात ना बुडता, ना वर सरकता राहण्याचा तोल) आणि रेग्युलेटरचा (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र).

संच असा: ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या कापडाचा) ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा सूट, 12 लिटरची दोन व्हॉल्व्हची स्टील टाकी, त्यावर दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज (टाकीचा दाब आधी उतरवणारे रेग्युलेटरचे भाग; दोन्ही सीलबंद, थंड पाण्यासाठीच्या), दोन टॉर्च, एक रील (परतीच्या वाटेची दोरी गुंडाळलेलं) आणि लाइन कटर (दोरी कापायला).

आधी वजनाचं. समुद्रातला शिशाचा पट्टा तसाच कमरेला लावून येणं ही हमखास चूक. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणजे सामानासह 100 किलो भरणाऱ्या माणसाला इथं जवळपास अडीच किलो शिसं कमी लागतं. उलट ड्रायसूटखाली जाड थर घातला की त्यातली हवा दोन-एक किलो परत मागते. त्यामुळे अंदाज करत बसू नका. डायव्हच्या शेवटी टाकीत 50 बार (हवेचा दाब) उरलेले असताना, 4-5 मीटरवर, बीसीडी (हवा भरून तोल साधायचं जॅकेट) पूर्ण रिकामी करून स्थिर राहता येतं का, ते बघा. चाचणी शेवटीच का? 12 लिटरच्या टाकीतले 150 बार वापरले की दोन किलोंहून थोडी जास्त हवा गेलेली असते. भरलेल्या टाकीवर बरोबर वाटलेलं वजन शेवटच्या थांब्याला कमी पडतं आणि माणूस वर सरकू लागतो.

उन्हाळ्यात वरचं पाणी 22 अंश असतं, सुखाचं. 8-10 मीटरवर थर्मोक्लाइन (गरम आणि गार पाण्यामधली सीमा) लागते आणि हातभर अंतरात पारा एकदम घसरतो. टॉर्च आडवा धरला तर तिथं पाणी तापलेल्या रस्त्यावरच्या हवेसारखं थरथरताना दिसतं. खाली 6-7 अंश. वर हातमोजे काढून ठेवणाऱ्यांना दहा मिनिटांत साधी क्लिपही उघडता येत नाही. हातमोजे पहिल्या मीटरपासून हवेत.

आता फ्री-फ्लो (रेग्युलेटरमधून हवा न थांबता सुटत राहणं), कारण या तळ्यांमध्ये डायव्ह बिघडतो तो बहुतेकदा यानेच. फर्स्ट स्टेजमध्ये 200 बारची हवा 10 बारच्या आसपास उतरते. प्रसरण पावताना ती इतकी गार होते की धातूचा भाग शून्याखाली जातो. भोवतालचं गोडं पाणी शून्यालाच गोठतं (खाऱ्याला उणे दोनच्या आसपास जावं लागतं), बर्फ स्प्रिंगपाशी अडकतो, व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि सेकंड स्टेजमधून (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) हवा धो-धो सुटते. सेकंड स्टेजमध्येही उच्छ्वासातली वाफ लिव्हरवर गोठू शकते. टाकीत मुळात 2400 लिटर हवा; ती काही मिनिटांत संपते.

टाळायचं कसं? काठावर थंडीत उभं राहून रेग्युलेटरमधून श्वास घेऊ नका. चाचणी पाण्याखाली तोंड गेल्यावर करा. पर्ज बटण दाबून हवा सोडून बघण्याची सवय मोडा. बीसीडी आणि सूटमध्ये हवा छोट्या फुसक्यांनी भरा आणि त्याच क्षणी मोठा श्वास ओढू नका. एकाच फर्स्ट स्टेजवर सगळा भार टाकू नका. आम्ही सूटची नळी दुसऱ्या फर्स्ट स्टेजवर लावली. तरीही सुटलंच तर दुसरा रेग्युलेटर तोंडात, पहिल्याचा व्हॉल्व्ह बंद आणि वर. मिनिटा-दोन मिनिटांत बर्फ वितळतो, पण डायव्ह तिथंच संपवायचा. व्हॉल्व्हपर्यंत स्वतःचा हात पोहोचतो का, याचा सराव कोमट पाण्यात आधी करून ठेवा. ड्रायसूटमध्ये खांदा जखडतो, हे पुष्कळांना ऐन वेळी कळतं.

गाळ. खाणीच्या तळाशी दगडाची पिठासारखी पूड असते. वर-खाली फिन मारणारा एक जण बसजवळून गेला की मागच्या चौघांना खिडक्यासुद्धा दिसत नाहीत, आणि ती पूड खाली बसायला बराच वेळ घेते. फ्रॉग किक (बेडकासारखे पाय बाजूला मारणं) शिका, गुडघे वाकवून फिन्स शरीरापेक्षा वर ठेवा, तळापासून किमान मीटरभर उंच राहा. बसच्या दारातून आत डोकवायचं असेल तर आधी काठाला एका बोटाचा आधार घ्या आणि आत टॉर्च टाकून छत बघा: गंजलेले पापुद्रे लोंबत असतील तर बुडबुडे लागून तेच डोक्यावर येतात. रील आणि प्रशिक्षण नसेल तर आत जाऊ नका, मग बाहेर पडायला कापलेली भोकं कितीही मोठी असोत.

होकायंत्राची दिशा लोखंडी बोटीला चिकटून घेतली तर सुई भलतीकडे जाते. काही मीटर बाजूला सरकून घ्या. दोन ठिकाणांमधली दोरी असेल तर तीच धरा, म्हणजे अंगठा आणि बोटाच्या सैल कड्यातून जाऊ द्या, ओढू नका.

डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारा) 'गोडं पाणी' सेटिंगवर ठेवा. नाही ठेवला तर 20 मीटरवर अर्धा मीटर कमी दाखवेल, इतकंच. डीकम्प्रेशनचा (वर येताना कुठं किती थांबायचं याचा) हिशेब दाबावर चालत असल्यामुळे तो चुकत नाही. तळं समुद्रसपाटीपासून 300 मीटरहून उंच असेल तर मात्र उंचीचं सेटिंग तपासायलाच हवं.

आठ महिन्यांत बिघडलं काय? ड्रायसूटच्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून दोनदा पाणी आत आलं. दोन्ही वेळा आतल्या कपड्याचा धागा डायफ्रॅमखाली (व्हॉल्व्हमधल्या पातळ पडद्याखाली) अडकला होता. उघडून कोमट पाण्यात धुतला, काम झालं. मानेच्या लेटेक्स सीलला नखाने बारीक चीर पडली. आता बिनवासाची टाल्कम पावडर लावून, बोटं सपाट ठेवूनच सील ताणतो. पितळी झिपला प्रत्येक फेरीनंतर बाहेरून मेण, दातांच्या आत नाही.

काही तळ्यांत झेब्रा शिंपले असतात. पाणी त्यांच्यामुळे काचेसारखं होतं, पण बोटीच्या कठड्यावर त्यांची धार ब्लेडसारखी आणि पातळ हातमोजा तिथंच फाटतो. त्यांची अळी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बीसीडी उलटी करून आतलं पाणी पूर्ण काढा, सगळं धुवा आणि दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी शिवणीसकट कडक वाळवा. बुटांच्या आत बोट घालून बघा. सगळ्यात शेवटी वाळतात ते तेच.