सौर पंप की सौर फीडरची वीज: दुष्काळी पट्ट्यातील विहिरीचा हिशेब

माण, जत, आष्टी किंवा भूम यांसारख्या तालुक्यांत ज्याच्या शेतात विहीर किंवा बोअर आहे पण वीजजोडणी नाही, त्याच्यापुढे आज दोन सौर वाटा आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून स्वतःच्या बांधावर पॅनेल बसवणे ही पहिली. पारंपरिक जोडणीसाठी थांबणे आणि गावचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाला वीज आणणारी वाहिनी, ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’तील प्रकल्पाशी जोडला गेला की दिवसाची वीज घेणे ही दुसरी. दोन्हींची जाहिरात सूर्याच्या नावाने होत असली, तरी निर्णय जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीवरच घ्यावा लागतो, आणि दुष्काळात नेमकी तीच पातळी ढळते.

पैशांचा भाग थोडक्यात आटोपतो. सौर पंपासाठी सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींतील शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यानंतर बिल नाही. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. फीडरच्या विजेवर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी बिलमाफी आहे. त्यानंतर काय होईल, यावर आज हिशेब बांधू नये.

खरा फरक खोलीत आहे. पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाला साधारण ४.८ किलोवॉटची पॅनेल असतात आणि निरभ्र दिवशी त्यांतून ढोबळमानाने २० युनिट वीज निघते. मोटर आणि पंप मिळून निम्मी शक्ती वाया जाते असे धरले, तर एवढ्या विजेत शंभर फुटांवरून दिवसाला सुमारे १ लाख २० हजार लिटर पाणी वर येते, दोनशे फुटांवरून ६० हजार आणि तीनशे फुटांवरून जेमतेम ४० हजार. उन्हाळ्यात ठिबकवरील भाजीपाल्याला एकरी रोज २० हजार लिटर धरले, तर तीन एकरांची गरज शंभर फुटांवर आरामात भागते, दोनशेवर काठोकाठ भागते आणि तीनशेवर भागतच नाही. शिवाय पंप ठरावीक हेडसाठी, म्हणजे पाणी जितक्या उंचीवर चढवायचे त्यासाठी, निवडून बसवलेला असतो; पातळी त्याखाली गेली की पाणी हिशेबापेक्षाही झपाट्याने कमी होते. फीडरवरच्या शेतकऱ्याला अशा वेळी पाइप वाढवून जादा स्टेजची, म्हणजे पाणी अधिक उंच चढवणारी मोटर टाकता येते. सौर पंपाच्या बाबतीत पॅनेल, कंट्रोलर आणि मोटर यांचा मेळ आधीच बसवलेला असल्यामुळे एकच वस्तू बदलून भागत नाही.

मात्र ही सोय बोअरला पाणी असेपर्यंतच सोय असते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि फटींमध्ये, आणि खाली जाऊ तशा फटी विरळ होत जातात. खोल बोअरला लागलेले पाणी पुष्कळदा जुन्या साठ्याचे असते आणि दोन कमी पावसाच्या वर्षांत संपते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. तरी तीनशे-चारशे फुटांची बोअर आज कोणत्या गावात नाही?

उथळ विहिरीच्या बाबतीत पारडे उलट फिरते. झरा मंद असला की साडेसात अश्वशक्तीची मोटर तास-दोन तासांत विहिरीचा तळ गाठते आणि आठ तासांच्या पुरवठ्यातील उरलेला वेळ वायाच जातो. तीन अश्वशक्तीचा सौर पंप सकाळी हळू, दुपारी जोरात आणि संध्याकाळी पुन्हा हळू असा चालतो. झऱ्यालाही भरून यायला अवधी मिळतो. मोठा पंप मागण्याचा मोह अनेकांना होतो, पण मंद झऱ्यावर तो तोट्याचाच ठरतो.

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा समज अर्धाच खरा आहे. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि पुढच्या प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६० अंशांच्या वर तापते, म्हणजे पाणी सर्वाधिक हवे तेव्हाच दहा-बारा टक्के वीज कमी मिळते. वर धूळ बसते आणि ती धुवायलाही पाणीच लागते. पावसाळ्यातील खंड आणखी अवघड असतो. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ चा ठरला आणि त्या वर्षी राज्याने ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात अशा काळात कित्येकदा आभाळ भरून येते, पण पाऊस पडत नाही; तेव्हा बांधावरचे पॅनेल मंदावते, तर फीडरला ग्रीडचा, म्हणजे राज्यभरच्या वीजजाळ्याचा आधार राहतो.

हा आधारही दुष्काळापासून मुक्त नाही. कोयनेची १,९६० मेगावॉट क्षमता संध्याकाळच्या मागणीला मोलाची असली, तरी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणीच वळवता येते; धरण पुरते भरले नाही की घाटाखाली पोफळीच्या वीजकेंद्राकडे पाणी सोडायचे की सांगलीच्या शेतीसाठी नदीत, हा वाद उभा राहतो. औष्णिक वीजही पाण्यावाचून चालत नाही. परळीचे केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद पडले होते. त्या मानाने वाहिनी योजनेतील सौर प्रकल्पांना पाणी नगण्य लागते आणि शेतकऱ्याची रात्रीची पाळी टळते. हा लाभ खराच आहे. तो गावात कधी पोहोचेल हे उपकेंद्राजवळ जागा मिळण्यावर आणि प्रकल्प उभा राहण्यावर अवलंबून आहे, आणि नंतरही जळालेली डीपी (रोहित्र) बदलून मिळेपर्यंत पीक थांबत नाही.

सौर पंपाला पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. प्रमाणित पॅनेलची काच २५ मिलिमीटरच्या गारेच्या चाचणीतून गेलेली असते, पण २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आठवणाऱ्याला तेवढ्याने धीर येणार नाही. विम्याचे कागद जपून ठेवावेत.

माझ्या मते विहिरीचे पाणी मे महिन्यात शंभर-सव्वाशे फुटांच्या आत राहत असेल आणि क्षेत्र दोन-तीन एकर असेल, तर जोडणीसाठी न थांबता लहान सौर पंप घ्यावा. पाणी दोनशे फुटांच्या खाली असेल, किंवा दरवर्षी दहा-वीस फूट उतरत असेल, तर फीडरची वाट पाहणे बरे. मात्र त्या भरवशावर ऊस किंवा नवी फळबाग लावू नये. मधल्या अंतरात पातळी गेल्या दुष्काळात कुठवर गेली होती हे पाहून ठरवावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. जवळच्या विहिरीच्या मे महिन्याच्या मागील काही वर्षांच्या नोंदी मिळवाव्यात, आणि अर्जात पंपाचा हेड लिहिताना आजची नव्हे, तर त्यांतील सर्वांत खालची पातळी धरावी.