काल्पनिक राज्यातील खुनाची शिक्षा: रक्तमूल्य की बहिष्कार?

ठाणे शहराच्या नौपाड्यातील आमच्या रविवारच्या फाशांच्या खेळासाठी (यात प्रत्येक जण गोष्टीतले एक पात्र वठवतो) मध्ययुगीन राज्य रचताना खुनासाठी दोन शिक्षा समोर होत्या: रक्तमूल्य आणि बहिष्कार. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे सुरुवातीच्या मध्ययुगातील इंग्लंडमध्ये मारेकऱ्याच्या बाजूने मृताच्या नातलगांना मृताच्या दर्जानुसार ठरलेली भरपाई, म्हणजे रक्तमूल्य, दिली की वैर मिटे; मात्र तिथल्या वेसेक्स राज्यात साध्या शेतकऱ्याच्या जिवाचे मोल २०० शिलिंग, तर सरदाराच्या जिवाचे १२००. बहिष्कृताला कायद्याचे संरक्षणच उरत नसे. ही शिक्षा थरारक खरी, पण पात्र जंगलात गेले की गोष्ट तिथेच संपते. तुरुंग मी विचारातच घेतला नाही; आपल्या ठाण्याचा किल्लासुद्धा कारागृह झाला तो इंग्रजी अमलात. मी रक्तमूल्य निवडले, कारण भरपाईसाठी दावणीची शेवटची गाय सोडताना खेळणाऱ्याचा हात फाशांवर थबकतो.